पर्वरीतला फळा: स्क्रम की कानबान?

गोव्यात पर्वरीतील एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आठ जणांची एक टीम हॉटेलांसाठी आरक्षणाचे सॉफ्टवेअर तयार करते. सकाळी साडेनऊला सगळे भिंतीवरच्या फळ्यासमोर उभे राहतात. फळ्यावर ‘करायचे’, ‘सुरू’, ‘चाचणी’ आणि ‘झाले’ असे रकाने असून ‘सुरू’च्या डोक्यावर लाल मार्करने 4 हा आकडा लिहिलेला आहे. गेल्या हंगामापर्यंत तो तेथे नव्हता.

तेव्हा ही टीम स्क्रम या काम आखण्याच्या पद्धतीने चालत असे. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांनी 1995 साली मांडलेल्या या पद्धतीत काम स्प्रिंट नावाच्या ठरावीक मुदतीच्या टप्प्यांत होते. ही मुदत एका महिन्याहून अधिक नसते, आरंभी उद्दिष्ट ठरते, रोज 15 मिनिटांची बैठक होते आणि अखेरीस तयार झालेले काम संबंधितांना दाखवले जाते. पावसाळ्यात, हॉटेले निम्मी रिकामी असताना, दोन आठवड्यांचे स्प्रिंट सुरळीत चालले. ऑक्टोबरात पर्यटक येऊ लागले आणि सोमवारचे नियोजन बुधवारपर्यंतही टिकेना. एकच खोली दोन कुटुंबांना दिली गेली असून दोन्ही कुटुंबे सामानासह रिसेप्शनवर उभी आहेत, असा फोन आला की ‘पुढच्या स्प्रिंटमध्ये बघू’ असे कोण सांगणार? स्प्रिंटचे उद्दिष्ट मध्येच बदलणार नाही, या गृहीतकावर स्क्रम उभा आहे. येथे ते गृहीतकच कोसळले होते.

म्हणून टीम कानबानकडे वळली. या पद्धतीचे मूळ टोयोटाच्या कारखान्यात, ताइइची ओनो यांच्या उत्पादनपद्धतीत आहे. डेव्हिड अँडरसन यांनी ते सॉफ्टवेअरच्या कामाला लावले. त्यात स्प्रिंटची सक्ती नाही, पण एका वेळी किती कामे सुरू असावीत यावर मर्यादा असते. फळा टांगला की कानबान झाले, असा समज अनेक कचेऱ्यांत आढळतो. खरे तर मर्यादा नसेल तर तो फळा म्हणजे केवळ कामांची यादी ठरते. जॉन लिटल यांनी 1961 साली सिद्ध केलेल्या सूत्रानुसार, 12 कामे हाती असतील आणि आठवड्याला 4 पुरी होत असतील, तर प्रत्येक कामाला सरासरी 3 आठवडे लागतात. तोच वेग राखून हातची कामे 4 वर आणली, तर एका आठवड्यात काम बाहेर पडते.

फळ्यावर प्रत्येक कामाचे एक कार्ड असते. ‘सुरू’मध्ये पाचवे कार्ड चिकटवायला गेलेल्या एका तरुणाला ज्येष्ठ सहकारी थांबवतात: “आधी चाचणीत अडकलेलं ते एक सोडव, बाबा.” तो कुरकुरतो, पण खुर्ची ओढून चाचणी करणारीच्या शेजारी जाऊन बसतो.

केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या सॉफ्टवेअर लिहिण्याच्या पद्धतीतून टीमने स्वयंचलित चाचण्या घेतल्या आहेत. त्या दोन्ही पद्धतींना चालतात. अशी सरमिसळ काहींना खटकते. मात्र 2001 साली अमेरिकेतील युटामध्ये 17 जणांनी लिहिलेल्या अजाइल, म्हणजे सॉफ्टवेअर लवचीकपणे घडवण्याच्या, जाहीरनाम्याच्या चार मूल्यांत कोणत्याही पद्धतीचे नाव नाही.

जूनपासून तिघे जण बिलांचा नवा भाग पुन्हा स्प्रिंटमध्येच बांधणार आहेत आणि उरलेले पाच फळ्यावरची दुरुस्तीची कामे सांभाळणार आहेत. गणेशचतुर्थीच्या, म्हणजे चवथीच्या, आठवड्यात मात्र स्प्रिंट ठेवायचा नाही, असे आधीच ठरले आहे, कारण तेव्हा पेडण्यापासून काणकोणपर्यंत जो तो आपापल्या मूळ घरी असतो.