डांबराला ऊब आणि उसंत

श्रोतेहो, नमस्कार. थंडीत बरणीतलं तूप थिजतं. चमचा खुपसला की भेग पडते, आणि तीच बरणी उन्हात ठेवली की भेग कुठे होती तेही कळत नाही. रस्त्यावरचं डांबरही असंच वागतं. चाकांखाली त्यात केसाएवढ्या भेगा पडतात. मग ऊन तापलं, वाहतूक जरा थांबली, की डांबर हळूहळू पाझरतं आणि भेगेच्या दोन्ही कडा सांधल्या जातात. ऊब हवी आणि उसंत हवी. नुसती ऊब पुरत नाही. वरून ट्रक धावतच राहिले तर जखम भरणार कधी? ऊब आणि उसंत.

मात्र खड्डा असा भरून येत नाही. भेगेत पाणी आणि माती शिरली की डांबर खडीला सोडतं. म्हणून मी कायम सांगतो, आधी रस्त्याकडेचं गटार नीट करा, डांबर मागाहून ओता. आणि लबाड माणसाला आपण डांबरट म्हणतो, तेही मला पटत नाही. इतकी गुणी वस्तू ही!

डांबर जुनं झालं की हवेने कडक होतं, मग ते स्वतःहून पाझरत नाही. त्याला बाहेरून ऊब द्यायची कशी? नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातले प्राध्यापक एरिक श्लांगेन यांनी डांबरात पोलादाचे बारीक तंतू मिसळले. आपल्या तारेच्या घासणीत असतात ना, तसे. २०१० च्या डिसेंबरमध्ये फ्लिसिंगनजवळ ए-५८ महामार्गावर असा ४०० मीटरचा पट्टा टाकला. त्यावरून यंत्र फिरवलं की तंतू तापतात. ओट्यावरच्या इंडक्शन शेगडीचंच तत्त्व. तंतू तापले की भोवतीचं डांबर सैल होऊन भेगेत उतरतं.

आता माझी आवडती गोष्ट. २०१२ मध्ये याच श्लांगेन यांनी भर सभेत खडी-डांबराचा एक लांबट ठोकळा घेतला आणि त्याचे दोन तुकडे केले. खडीचे दाणे उघडे पडलेले, सगळ्यांसमोर. तुकडे एकमेकांना जुळवून त्यांनी मायक्रोवेव्हमध्ये ठेवले. तुम्ही म्हणाल, अहो, त्यात स्टीलची वाटी ठेवली तर ठिणग्या उडतात! खरं आहे, घरी हे करू नका. त्यांची भट्टी कारखान्यातली होती आणि ठोकळ्यात तेच पोलादी तंतू होते. तंतू तापले, डांबर सैल झालं, कडा भिडल्या. पण ठोकळा लगेच उचलायचा नाही, गरम डांबर मऊ असतं. तो निवू द्यायचा. म्हणजे इथेही आधी ऊब, मग उसंत. तोवर श्लांगेन शांतपणे बोलत राहिले. रस्ते, भेगा, खर्च. भाषण संपता संपता त्यांनी ठोकळा सभेसमोर धरला.

एकसंध होता, श्रोतेहो. मधोमध मोडलेला तो ठोकळा, पुन्हा एकसंध.

नमस्कार.