देऊळ नवं, नेम जुना

श्रोतेहो, नमस्कार.

जपानमध्ये इसे या गावी शिंतो धर्माचं सगळ्यात मानाचं देवस्थान आहे. सूर्यदेवी अमातेरासूचं. तिथले विधी तेराशेहून जास्त वर्षं चालत आलेत आणि तिचं आजचं देऊळ मात्र 2013 सालचं आहे. कारण दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर तंतोतंत तसंच नवं देऊळ बांधतात, एका रात्री पांढऱ्या रेशमी पडद्याआडून देवीला तिथं नेतात आणि मग जुनं उतरवतात. सम्राज्ञी जितोच्या कारकिर्दीत, 690 मध्ये हे पहिल्यांदा झालं. मधल्या यादवीच्या काळात शतकाहून मोठा खंड पडला, दुसऱ्या महायुद्धानंतर चार वर्षांचा उशीर झाला. तरी 2013 ची खेप बासष्टावी होती.

इसेची देवळं एक-दोन नाहीत, लहान-मोठी मिळून 125 आहेत. त्यांतली मुख्य दोन. दर्शनाचा रिवाज असा की आधी गेकू, म्हणजे बाहेरचं देवस्थान, आणि मग नाइकू, आतलं, अमातेरासूचं. गेकूमध्ये तोयोउके ही अन्नधान्याची देवी आहे. अमातेरासूच्या जेवणाची जबाबदारी तिच्याकडे. रोज सकाळ-संध्याकाळ इथं नैवेद्य होतो आणि ही प्रथा दीड हजार वर्षांची सांगतात. काडेपेटी चालत नाही; लाकडावर लाकूड घुसळून अग्नी काढायचा आणि त्यावर भात शिजवायचा. सोबत मासे, समुद्री शेवाळ, भाज्या, फळं, मीठ, पाणी आणि साके, म्हणजे तांदळाची दारू. तांदूळ देवस्थानच्या शेतातला, मीठही देवस्थाननंच तयार केलेलं. सोवळं म्हणावं तर हे!

नाइकूला जायचं तर इसुझू नदीवरचा उजी पूल ओलांडावा लागतो. शंभर मीटर लांबीचा हा लाकडी पूलही वीस वर्षांनी नवा होतो. पुलाच्या दोन्ही टोकांना तोरी नावाच्या उंच लाकडी कमानी आहेत. तिथं क्षणभर थांबून, किंचित वाकून आत शिरायचं आणि वाटेच्या मधोमध चालायचं नाही, कारण मधली वाट देवाची. पुढं हात-तोंड धुण्याची जागा. लांब दांड्याच्या ओगराळ्यानं आधी डावा हात धुवायचा, मग उजवा. ओंजळीत पाणी घेऊन चूळ भरायची. शेवटी ओगराळं उभं धरायचं, म्हणजे उरलेलं पाणी दांड्यावरून ओघळतं आणि पुढच्या माणसाच्या हाती धुतलेला दांडा येतो. मला हा शेवटचा भाग फार आवडतो. नाइकूत तर सरळ नदीच्या काठावर उतरून, दगडी पायऱ्यांवर बसूनही हात धुता येतात.

दगडी जिना चढला की देऊळ दिसेल या आशेनं गेलात, तर निराशा होईल. मुख्य देवळाभोवती चार कुंपणं आहेत आणि सामान्य माणसाला बाहेरून दुसऱ्या कुंपणाच्या दारापर्यंतच जाता येतं. दारावर पांढरा पडदा. वाऱ्यानं तो उचलला गेला, तर देवीनं स्वागत केलं असं लोक मानतात. फोटो काढायचे ते जिन्याखालूनच. पडद्यासमोर दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या आणि पुन्हा एकदा वाकायचं. नशिबाच्या चिठ्ठ्या जपानी देवळांत सर्रास मिळतात, त्या इथं नाहीत. आत डोकावून दिसतं ते गवताचं छप्पर आणि छपराच्या टोकाला आकाशात घुसलेल्या फुलीसारख्या फळ्या. खांब पायाशिवाय थेट जमिनीत रोवलेले असतात, त्यामुळे ते कुजणारच.

वीसच वर्षं का, याचं कारण जुन्या ग्रंथांत दिलेलं नाही. छपराचं आणि खांबांचं आयुष्य हा एक तर्क. दुसरा मला जास्त पटतो: सुताराला आयुष्यात दोनदा तरी हे काम मिळतं. पहिल्यांदा शिकाऊ म्हणून, दुसऱ्यांदा मुकादम म्हणून. देऊळच नव्हे, देवीची वस्त्रं, तलवारी, आरसे, अशा दीड हजारांहून अधिक वस्तूही नव्यानं घडवतात. विणकर, लोहार, लाखकाम करणारे कारागीर, सगळ्यांचे हात त्यात गुंततात.

या कामाला हिनोकी, म्हणजे जपानी सायप्रस जातीची दहा हजारांच्या आसपास झाडं लागतात. ऐकून अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतील. पण उतरवलेलं लाकूड वाया जात नाही. मुख्य देवळांचे मोठे खांब उजी पुलावरच्या कमानी होतात, आणखी वीस वर्षांनी जुन्या हमरस्त्यावरच्या कमानींना लागतात. बाकीचं देशभरातल्या देवळांना दिलं जातं. शिवाय 1920 च्या दशकात देवस्थाननं स्वतःचं वन वाढवण्याची दोनशे वर्षांची योजना आखली. योजना आखणाऱ्यांपैकी कुणी ती पूर्ण झालेली पाहणार नव्हता, हे उघडच आहे!

एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, इसेला लाखोंनी यात्रेकरू पायी यायचे. वाटेवरच्या गावांत त्यांना जेवू घालायचे, वारीत घालतात तसं. गंमत म्हणजे काही आजारी मालक आपल्या कुत्र्याला पाठवत! कुत्र्याच्या गळ्यात पैशांची थैली आणि यात्रेची खूण. वाटेतली माणसं त्याला खाऊ घालत, पुढच्या गावापर्यंत पोचवत आणि देवस्थानचा प्रसाद गळ्यात बांधून कुत्रा परत येई. या कुत्र्यांच्या मातीच्या मूर्ती आजही इसेच्या बाजारात विकायला असतात.

पुढचं नवं देऊळ 2033 मध्ये. त्याचे विधी मे 2025 मध्ये सुरू झालेत. देवीला नेण्याआधी काही महिने गावकरी नदीतले पांढरे गोटे फडक्यात गुंडाळून नव्या देवळाच्या अंगणात मांडतात. एरवी जिथं जाता येत नाही, तिथवर तेवढ्या दिवसांत पाय ठेवायला मिळतो. तोवर जायचं असेल, तर नागोयाहून रेल्वेनं दीडेक तास लागतो. आणि उजी पुलाबाहेरच्या गल्लीत आकाफुकू मोचीचं, म्हणजे तांदळाच्या गोळ्यावर लाल घेवड्याचं पुरण थापून देणारं दुकान आहे, 1707 पासूनचं. ते पहाटे पाचला उघडतं.

नमस्कार.