कार्ड घासून शेअर घेताय? आधी हा हिशोब पाहा

नमस्कार मंडळी! मार्केट जरा पडलं की आपल्या नागपुरात, सीताबर्डीच्या चहा टपरीपासून मिहानच्या कॅन्टीनपर्यंत, एक सल्ला हमखास कानावर येतो. "काऊन थांबून राहिला बे? कार्ड आहे ना!"

आता म्युच्युअल फंड असो की ब्रोकर, क्रेडिट कार्डाने थेट पैसे घेतच नाहीत. मग लोक आडवाटा शोधतात. एटीएममधून कार्डावर कॅश काढतात, नाहीतर ओळखीच्या दुकानात खोटी खरेदी दाखवून रोख घेतात. ही दुसरी वाट बँकेच्या नियमात बसत नाही, सापडलात तर कार्ड बंद.

"पण भाऊ, ४५ दिवस बिनव्याजी असतात ना?" असतात, खरेदीला. कॅशवर काढल्या दिवसापासून व्याज.

समजा १ लाख काढले. फी अडीच टक्के धरा, त्यावर १८ टक्के जीएसटी. झाले २,९५० रुपये. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, त्यावरही जीएसटी, म्हणजे दर महिन्याला ४,१३०. तीन महिन्यांचे १२,३९०. एकूण १५,३४० रुपये, तेही व्याजावर व्याज न धरता. बँकेप्रमाणे आकडे थोडे बदलतील, पण फार नाही.

बरं, वर्षाच्या आत शेअर विकला तर नफ्यावर २० टक्के टॅक्स, सेस वेगळा. म्हणजे नुसती बरोबरी साधायला तीन महिन्यांत १९ टक्क्यांहून जास्त नफा हवा. असा शेअर आधीच ओळखता येत असेल, तर तुम्हाला कार्डाची गरज काय, मला सांगा!

आणि मार्केट पडलं तर? जानेवारी २०२० मध्ये निफ्टी, म्हणजे ५० मोठ्या कंपन्यांच्या शेअरांचा निर्देशांक, १२ हजारांच्या वर होता, २३ मार्चला ७,६०० च्या आसपास. पुढे सावरला, हो. पण स्वतःच्या पैशानं घेतलेला माणूस थांबू शकतो, कार्डवाल्याचं बिल दर महिन्याला येतं. मग तो 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली कमीत कमी भरायची रक्कम, तेवढीच भरतो आणि इथंच फसतो. बाकी शिल्लक राहिली की नव्या खरेदीचीही बिनव्याजी मुदत जाते. किराणा, पेट्रोल, सगळ्यावर पहिल्या दिवसापासून व्याज.

इतवारीत कार्डावर सोनं घेऊन ठेवणाऱ्यांचंही तेच. बिल थकलं की व्याज आहेच, वर ३ टक्के जीएसटी आणि घडणावळ विकताना परत मिळत नाही.

आधीच अडकला असाल, तर शेअर तोट्यात असले तरी विका आणि कार्ड फेडा. तेवढ्यानं भागत नसेल तर पर्सनल लोनचा दर विचारा, बहुतेक वेळा तो कार्डाच्या निम्म्याहून कमी असतो. प्रोसेसिंग फी मात्र सही करायच्या आधी विचारा.