घामाच्या ग्रंथी स्वतःला कशा दुरुस्त करतात

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या त्वचेत घामाच्या २० ते ४० लाख ग्रंथी असतात आणि त्या सगळ्या जन्माआधीच तयार होतात. पुढे एकही नवी ग्रंथी बनत नाही. म्हणून तिच्या पेशींची झीज कशी भरून येते, हे जाणून घेण्यासारखं आहे.

ग्रंथी म्हणजे एक लांब, बारीक नळी. तिचं खालचं टोक त्वचेत खोलवर वेटोळं घालून बसलेलं असतं आणि घाम तिथेच पाझरतो. तिथून नळी सरळ वर येते आणि त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातून मळसूत्रासारखी फिरत बाहेर उघडते. या मळसूत्राच्या पेशी आजूबाजूच्या त्वचेसारख्याच भराभर बदलतात: खाली जन्मतात, वर सरकतात, गळून पडतात. वेटोळ्यात मात्र पेशी क्वचितच विभागते. उंदरांच्या पंजांवरच्या अभ्यासात तर असं दिसलं, की घाम पाझरवणाऱ्या पेशी आणि त्यांना बाहेरून आवळणाऱ्या स्नायूसारख्या पेशी आपापल्याच जातीची भरपाई करतात.

खरचटल्यावर वरचा थर जातो, पण खालच्या नळ्या शाबूत असतात. त्यांच्या भिंतीतल्या पेशी विभागतात, वर चढतात आणि जखमेवर पसरतात. जखम भरण्याचं श्रेय पूर्वी मुख्यतः केसांच्या मुळांना दिलं जाई. माणसात घामाच्या ग्रंथींचा वाटाही मोठा असतो, हे मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं. मला यातली ही गोष्ट फार मोलाची वाटते.

भाजणं खोलवर गेलं की वेटोळंच जळतं आणि मग ग्रंथी परत येत नाही. भाजलेल्या जागेवर अंगाच्या दुसऱ्या भागातून काढून लावलेल्या त्वचेच्या पातळ कापातही वेटोळं नसतं, कारण काप जिथून काढला तिथेच ते खोलवर राहिलेलं असतं. तो भाग घामेजत नाही. अंगाचा मोठा भाग असा भाजलेल्या माणसाला उन्हात कष्टाचं काम देऊ नये. अंग तापलं तर त्वचा पाण्याने ओली करून वारा घालावा, म्हणजे घामाचं काम ते पाणी करतं.

घामोळ्यात बिघाड वरच्या टोकाला असतो. त्वचा फार वेळ ओली राहिली की ती फुगते आणि नळीचं तोंड बुजतं. खाज चार दिवसांत थांबली, तरी हे बूच त्वचेच्या झडणाऱ्या थराबरोबरच निघतं आणि त्याला दोन-तीन आठवडे लागू शकतात. तोवर तिथे घाम नीट येत नाही. तेव्हा जागा घासू नका, तेलकट मलम थापू नका, त्वचा कोरडी ठेवा आणि तेवढे दिवस कडक उन्हातली मेहनत टाळा.