रात्री ढोल घुमतो तो कुणाचा?

श्रोतेहो, नमस्कार. कोंबड्यांना दाणा किती आणि पाणी किती, हे तुम्हाला मी सांगायला नको. आज बोलायचंय थोराड पक्ष्यांबद्दल. मोराची हौस लांबूनच भागवा, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे मोर घरी पाळता येत नाही. टर्की आणलीत तर तिची पिलं कोंबड्यांत सोडू नका, कोंबड्यांकडून त्यांना यकृताचा जीवघेणा आजार जडतो. आणि इमू... इमूचं मात्र नीट सांगतो.

२०१० च्या सुमारास गावोगाव इमू आले. आमच्या वडिलांनीही एक जोडी घेतली. इमूचे नर-मादी दिसायला सारखेच. विकणारा म्हणाला जोडी, म्हणून आम्हीही जोडीच म्हणालो. लसूणघास घातला, सहा फुटी जाळी मारली. पक्षी दोन वर्षांचे झाले, थंडी आली आणि गेली. अंडं नाही. दुसरी थंडी आली, तरी नाही. खालच्या वस्तीवरही त्याच माणसाकडची जोडी होती. तिथं अंडी ढीगभर, पण पिलू एकही नाही.

आज्जीला डोळ्यांनी कमी दिसायचं. रात्री ती ओसरीवर पडून ऐकत असायची. एकदा वडिलांना म्हणाली, "आरं, खालच्या वस्तीवर रातच्याला ढोल घुमतोय, एकाआड एक दोन. आपल्या जाळीत मातूर नुसतं घुर्र घुर्र. गडीच हायेत हे दोन्ही!"

अगदी बरोबर ओळखलं होतं तिनं. इमूच्या मादीच्या मानेत हवेची पिशवी असते. श्वासनलिकेला चीर असते, त्यातून हवा त्या पिशवीत भरते आणि ढोलासारखा आवाज उमटतो. नर नुसता घुरघुरतो. पुन्हा सांगतो, मादी घुमते, नर घुरघुरतो. विकत घेताना रंग बघू नका, उंची बघू नका, कान द्या.

आवाजावरून आठवलं. लग्नसराईत डीजे लागला की हे पक्षी बिथरून जाळीवर धडका घेतात. माझं तर स्पष्ट मत आहे, लग्नाला सनई आणि संबळ पुरे. पंगतीत शेजारच्याचं बोलणं तरी ऐकू यावं. असो.

मग दोन्ही वस्त्यांनी एकेक पक्षी बदलून घेतला. इमू लाथ पुढे मारतो, म्हणून धरायचा तो मागून. वडील समोरून गेले आणि पायजमा गुडघ्यापासून खाली फाटला. तुम्ही मागूनच जा.

पुढच्या थंडीत हिरवीगर्द अंडी आली, एकेक अर्ध्या किलोच्या वर. आणि उबवायला बसला तो नर! मादी घालते, नर उबवतो. जवळजवळ ५६ दिवस तो बसून राहिला. अंडी फिरवायला उठायचा तेवढाच. खाणं नाही, पिणं नाही, अंगावरची चरबी जाळत बसलेला. आज्जी रोज संध्याकाळी चाचपडत जाळीपाशी जायची आणि पाण्याचं घमेलं आत सरकवायची. सकाळी घमेलं भरलेलंच.

आठ आठवड्यांनी अंगावर खारीसारखे पट्टे असलेली चार पिलं बाहेर आली. त्या संध्याकाळी आज्जीनं घमेलं ठेवलं आणि तिथंच बसून राहिली. थोड्या वेळानं तिला पाण्यात चोच बुडल्याचा आवाज आला.