एकाच वाटेचा चक्रव्यूह

मंडळी, माईक राहू द्या. ३४ वर्षं शाळेच्या ग्राउंडवर पीटी घेतलीये, मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचेल. नाही पोचला तर हात वर करा.

चक्रव्यूह म्हटलं की आपल्याला अभिमन्यू आठवतो. आत शिरता आलं, बाहेर पडता आलं नाही. म्हणून आपण कर्जाचा चक्रव्यूह म्हणतो, कोर्टकचेरीचा चक्रव्यूह म्हणतो. पण चक्रव्यूह म्हणून जी आकृती परंपरेने काढली जाते ती एकदा बोट फिरवून बघा. तिच्यात बहुतेक वेळा एकच वाट असते. फाटा नाही, चकवा नाही. आत नेते तीच वाट बाहेर आणते. लखनौच्या बड्या इमामबाड्यात आहे तो भूलभुलैया. तिथे माणूस खरंच हरवतो. इथे हरवायचं म्हटलं तरी जमणार नाही. गोव्यात उसगाळीमळला कुशावती नदीच्या काठी जांभ्या दगडाच्या कातळावर अशीच एक गोल आकृती कोरलेली आहे. कोणी नि कशासाठी कोरली याच्या गोष्टी ऐकाल तेवढ्या थोड्या.

मग जिथे हरवायचंच नाही तिथे चालायचं कशाला? मलाही हाच प्रश्न पडला होता. लेक पॅरिसला असते, तिच्याकडे गेले तेव्हा ती मला रेल्वेने शार्त्रला घेऊन गेली. तिथल्या कॅथेड्रलच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या, फरशीतच तेराव्या शतकातला चक्रव्यूह आहे. व्यास जवळजवळ १३ मीटर, वाट २६० मीटरच्या वर, आणि रुंदी म्हणाल तर दीड वीत. एरवी त्याच्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात; ठरावीक महिन्यांत शुक्रवारी त्या हलवतात. मधोमध पूर्वी धातूचा पत्रा होता, तो १७९२ मध्ये, राज्यक्रांतीच्या धामधुमीत काढून नेला. खिळ्यांचे खुंट मात्र अजून दिसतात. मला ते खुंटच जास्त आवडले. जेरुसलेमला जाऊ न शकणारे यात्रेकरू इथे गुडघ्यांवर फिरायचे असं सांगतात, पण त्या काळचा पुरावा कुणाकडे नाही. पुरावा आहे तो ओसेर नावाच्या दुसऱ्या गावचा. तिथल्या कॅथेड्रलमधले धर्मगुरू ईस्टरला अशाच आकृतीवर फेर धरून नाचत आणि नाचता नाचता एकमेकांकडे चेंडू टाकत. १५३८ मध्ये ते बंद पाडलं. पीटीच्या बाईला याचं किती वाईट वाटलं असेल, विचार करा!

तर मी चालायला लागले. दोन-चार वळणं झाली नि मी थेट मधल्या जागेला, तिथल्या फुलासारख्या आकाराला लागून. म्हटलं, झालंच की. आणि तिथून वाटेने मला जे भिरकावलं, ते इकडे, तिकडे, परत मागे. पुढे एक आजोबा अगदी सावकाश चालत होते. ओलांडून जावं तर शेजारच्या वाटेवर पाय पडतो. मी चिडले. खरं सांगते, देवळात उभी राहून चिडले. शेवटी शेवटी तर वाट अगदी बाहेरच्या कडेला आली. लेकीला खूण केली, अजून वेळ आहे, तू कॉफी घेऊन ये. आणि त्यानंतर थोड्याच वळणांत मी मधे उभी. ती कॉफी आणायला गेलेली.

परत आल्यावर शाळेच्या ग्राउंडवर फक्की घेऊन सात फेऱ्यांचा साधा चक्रव्यूह आखला. मधे अधिकचं चिन्ह, त्याच्या चार खणांत चार काटकोन, चार कोपऱ्यांत चार ठिपके. मग वरच्या टोकापासून कमानी जोडत जायच्या. डावीकडचं टोक, उजवीकडचं टोक. आठ कमानी झाल्या की संपलं. सहावीची मुलं रांगेत उभी केली, सोडली. एक फेरी मारून सगळी शेजारच्या फटीतून बाहेर! “बाई, संपलं?” मधल्या जागेला वाटच नव्हती. तासभर दोरी घेऊन शोधलं तेव्हा कळलं, वरच्या डाव्या कोपऱ्यातला ठिपका कुणाच्या तरी बुटाखाली पुसला गेला होता. मला तो दिसला नाही, पुढची प्रत्येक कमान एक टोक चुकून जोडली गेली. एका ठिपक्यापायी मधलं अंगण बंद. तो बूट बहुधा माझाच असावा.

दुरुस्त केल्यावर मजा आली. बाहेरून मोजलं तर वाट आधी तिसऱ्या फेरीत शिरते, मग दुसरी, मग पहिली. म्हणजे सुरुवातीलाच तुम्हाला बाहेर ढकलते. मग चौथी, आणि एकदम सातवी, मध्याला खेटून. पोरं तिथे ओरडायची, आलो आलो! पण तिथून सहावी, मग पाचवी. आणि पाचवीतून, जिथून मध्य आणखी लांब दिसतो, तिथून एक वळण घेतलं की आत.

दोन वर्षांपूर्वी माझा गुडघा बदलला. पंधरा दिवसांत काठी टाकून स्वयंपाकघरापर्यंत जायला लागले, फिजिओथेरपिस्ट खूश, शेजारी कौतुक करतायत. महिन्याने गुडघा वाकेचना. घरात सगळे म्हणाले, मागे गेलीस. मी म्हटलं, मागे कशाची, सहाव्या फेरीत आहे. त्यांना काही कळलं नाही, मला मात्र व्यायाम सोडावासा वाटला नाही. हल्ली तणाव घालवायला म्हणून अशा चालण्याचे वर्ग निघालेत, पैसे घेऊन डोळे मिटायला सांगतात. माझं म्हणणं, डोळे उघडे ठेवा. फक्त मधे किती राहिलं ते बघू नका, पायाखालची रेघ बघा.

बाहेर तिन्हीसांजेपूर्वीच फक्की मारून ठेवलीये, चारही ठिपके दोनदा तपासलेत. चपला कट्ट्यापाशी काढा. काठीवाल्यांनी काठी घेऊनच या. आणि आतून परत येणारा समोर भेटला तर बाजूला कुणी व्हायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.