सीम, टप्पा आणि अर्धा सेकंद

देशांतर्गत क्रिकेटमध्ये चमकणारे आपले खेळाडू परदेशात का अडखळतात? आधी चेंडू बघा. हा एसजी, मेरठचा, आपल्याकडे वापरला जाणारा. टाक्यांच्या सहाही रांगा हातशिलाईच्या. सीम, म्हणजे ही शिवण, उठावदार आहे, आणि पन्नास षटकं झाली तरी बोटाला जाणवते. शेजारचा कूकाबुरा, ऑस्ट्रेलियात वापरतात तो चेंडू: मधल्या दोन रांगा हाताच्या, बाहेरच्या चार मशीनच्या. त्याची सीम वीस-पंचवीस षटकांत दबते. एसजीवर बळींची रास लावणारा मध्यमगती गोलंदाज ऑस्ट्रेलियात गेला की सीम दबल्यावर त्याच्याकडे फक्त वेग उरतो. आणि वेग असतो ताशी १२८ किलोमीटर.

फलंदाजाचं दुखणं निराळं. चेंडूचा टप्पा बघा, स्टंपपासून साधारण सात मीटर. आपल्याकडच्या संथ खेळपट्टीवर हा चेंडू स्टंपवर येतो, म्हणून पुढचा पाय आपोआप पडतो. ऑस्ट्रेलियात पर्थच्या उसळत्या खेळपट्टीवर हाच चेंडू बेल्सच्या वरून जातो. आता संथ गतीत पाहा: पाय आधीच पुढे गेलाय, वजन त्याच्यावर, मागे यायला वेळ नाही. मग हात शरीरापासून लांब जातात. बॅटची कड, स्लिपमध्ये झेल. १२५ आणि १४५ च्या वेगात मिळणाऱ्या वेळेतला फरक सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी, पण बॅकलिफ्ट, म्हणजे फटक्याआधी मागे उचललेली बॅट, उंच असेल तर तेवढाच पुरतो. याला आपल्याकडे 'टेम्परामेंट नाही' म्हणतात, आणि विषय संपतो!

उपाय या नेट्समध्ये आहे. गुड लेंग्थवर, म्हणजे त्याच टप्प्याच्या जागी, ग्रॅनाइटची लादी, वर ओला प्लास्टिकचा चेंडू. तो घसरून छातीवर येतो. हातात साइडआर्म, म्हणजे टोकाला वाटी असलेला लांब दांडा. फेकणारा चार यार्ड पुढे उभा राहिला की ११५ चा चेंडूही १४५ इतकाच वेळ देतो. पहिले काही दिवस फटका मारायचाच नाही, फक्त सोडायचं. खांद्याच्या उंचीचा चेंडू सोडता येईपर्यंत पुल, म्हणजे उसळता चेंडू लेगला ओढण्याचा फटका, शिकवण्यात अर्थ नाही. राष्ट्रीय संघाच्या सरावात साइडआर्म रोजचाच. रणजी संघांच्या नेट्समध्येही तो रोज हवा, आणि राष्ट्रीय निवडीआधी 'अ' संघाचा, म्हणजे भारताच्या दुसऱ्या फळीचा, एक परदेश दौराही. निवड झाल्यावर शिकायला वेळ कुठे असतो?

उदाहरण घ्या: सलामीवीर वसीम जाफर. रणजीत १२,०३८ धावा. केपटाउनला शतक, अँटिगाला द्विशतक, म्हणजे परदेशात खेळता येत नव्हतं असं नाही. २००७-०८ चा ऑस्ट्रेलिया दौरा, समोर वेगवान गोलंदाज ब्रेट ली: सहा डावांत एकदाही वीस धावा नाहीत. एप्रिल २००८ मध्ये कानपूरला शेवटची कसोटी. दहा वर्षांनी, चाळिशीत, नागपुरात विदर्भाकडून इराणी करंडकात २८६.